भावाच्या घोड्याविरुद्ध लावलेले नारळ

घोडा पाण्यात शिरला तेव्हा माझ्या भावाच्या मनगटाला लगाम गुंडाळलेला होता. तो त्याला सोडवता येईना. घोडा पोटापर्यंत पाण्यात गेला, मग मानेपर्यंत, आणि लाटेने मागची दोन चाकांची गाडी उचलून भावाच्या अंगावर पालथी घातली. भावाचं डोकं एकदा दिसलं. लाल रुमाल बांधला होता म्हणून दिसलं. पुढची लाट आली आणि रुमालही दिसेना.

माइकवर बोलणारा माणूस अजून शर्यतीचंच बोलत होता, कारण दुसरी गाडी काठीला वळसा घालून परत निघाली होती. मी धावायला गेले आणि पाय उचलेना. गुडघ्यांमुळे नाही. गुडघे रोजच दुखतात, तरी मी चालते. हे वेगळं होतं. तोंडात थुंकी उरली नव्हती आणि हाताची बोटं गार पडली होती, भर उन्हात. माझी ख्रिश्चन शेजारीण माझा दंड धरून "सायबा, सायबा" एवढंच म्हणत देवाला हाका मारत होती. भावजय वाळूत बसली ती उठेचना.

आणि माझ्या डोक्यात काय होतं, तर मी त्या घोड्याविरुद्ध नारळ लावले होते.

ते का लावले हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई भावाच्या जिवावर उठली होती. गावात काहींना अजून तसंच वाटतं.

आमच्या किनाऱ्यावर जत्रेनंतर घोडागाड्या पळवतात. ओहोटीला वाळू उघडी पडते, तेवढा वेळ शर्यत. खाडीच्या तोंडापासून निघायचं, लांब पुरलेल्या काठीला वळसा घालायचा आणि परत यायचं. एका वेळी दोन किंवा तीन गाड्या. पुरुष पैसे लावतात, ते लपूनछपून. आम्ही बायका नारळ लावतो. नारळ लावण्यात लपवण्यासारखं काही नाही. नारळी पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून लढवतो तेव्हाही हरलेला नारळ जिंकणाऱ्याचाच असतो. त्यातलीच ही रीत.

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा गेल्यावर खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकरून विकल्या, अजूनही उकरते. शर्यतीतलं मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी माइकवाल्याने ज्या घोड्याची स्तुती केली त्याच्यावर नारळ लावले आणि हरले. नंतर शेजारणीच्या सांगण्यावरून लावले. ती फक्त पांढऱ्या घोड्यावर लावते, कारण तिच्या देवळातल्या चित्रात संत पांढऱ्या घोड्यावर बसलाय. तिचा घोडा काठीच्या अलीकडेच थांबला आणि लीद टाकून चरायला काही आहे का ते बघू लागला. मग एका वर्षी मी घरच्या देवासमोर फुलाच्या पाकळ्या लावून विचारलं. तेव्हाही हरले. पण या सगळ्या हरण्यात एक सोय होती. माइकवाल्याला शिव्या घालता येत होत्या, शेजारणीला टोमणे मारता येत होते. देवाला काही बोलता येत नाही, पण आपलं कर्म म्हणून गप्प बसता येतं.

मग एक वर्ष मी काहीच लावलं नाही. नुसती बघत बसले. गाड्या सुटायच्या आधी घोडे सुरूच्या झाडांखाली बांधतात, तिथे जाऊन उभी राहायचे. कोणता घोडा उगाच घामाघूम झालाय, कोणता कान मागे पाडून उभा आहे, कोणता शांतपणे चघळतोय. ओल्या वाळूवरून घोडा चालत गेला की मागे त्याच्या पावलांकडे बघायचे. चारही खूर सारखे रुतले तर ठीक. एक खूर कमी रुतला असेल तर त्या पायात काहीतरी आहे, मालक काहीही सांगो. गाडी हाकणाराही बघायचा. सुटतानाच चाबूक मारणारा परतीच्या वाटेवर रिकामा असतो. आणि वाळू. वरची कोरडी वाळू चाक धरते, पाण्यालगतची टणक असते, पण तिथे पळायला घोड्याला लाटेची सवय हवी.

पुढच्या वर्षी मी एका लंगड्या मालकाच्या तांबड्या घोडीवर लावले. लंगडा मालक होता, घोडी नव्हती. ती जिंकली. लोकांना वाटतं त्या दिवशी मला आनंद झाला असेल. मला भीती वाटली.  आता चुकले तर बोट दाखवायला कुणी नव्हतं, आणि बरोबर आले तर पुन्हा बघायची जबाबदारी माझीच होती. तरी मी दुसऱ्याचं ऐकणं सोडलं. सगळ्या शर्यतींवर लावणंही सोडलं. ज्या शर्यतीतलं कळत नाही तिथे गप्प बसायचं, शेजारीण कितीही डिवचू दे.

"आज नारळ राखून ठेवलंस? जावयाक खोबरा घालूचा आसा काय?" असं ती म्हणायची.

"व्हय. तुझो संत घोड्यावरना उतारलो काय सांग, मग लावतंय," मी म्हणायचे.

असं चाललं होतं. मग भावाने तो घोडा आणला.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. पर्यटकांना किनाऱ्यावर घोड्यावरून फिरवून आणायचा धंदा करतो. त्यासाठी एक म्हातारा, गरीब घोडा होता त्याच्याकडे. पण शर्यतीत कधी नाव निघालं नाही याची त्याला फार सल होती. एका वर्षी तो घाटावर गेला आणि तिकडून उंच काळा घोडा टेंपोत घालून घेऊन आला. मोठ्या मैदानावर पळालेला घोडा, रेसचा, वय झालं म्हणून काढून टाकलेला. सगळा गाव बघायला आला. असा चकचकीत घोडा आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. भावाचा चेहरा बघून मला बरं वाटलं, हेही खरं.

तो त्याला माडांच्या मागच्या मळ्यात पळवायचा. घोडा गाडीला जुंपलेला वाऱ्यासारखा जायचा. बघणारे म्हणायचे, यंदा दुसरं कुणी यायलाच नको.

मी त्याला दुसरीकडे बघत होते. सकाळी भाऊ त्याला खाडीच्या तोंडाशी पाय भिजवायला आणायचा, आणि मी तिथे वाळूत वाकलेली असायचे. लाट फुटून फेस सरसरत वर आला की घोड्याचे कान मागे पडायचे. डोळ्याचं पांढरं दिसायचं. मागचे पाय आडवे टाकत तो सरकायचा, आणि भावाला दोरी दोन्ही हातांनी धरावी लागायची. एक दिवस झालं तर मी लक्ष दिलं नसतं. रोज होत होतं, आणि सवयीने कमी होण्याऐवजी वाढत होतं. आयुष्यभर गवतावर पळालेलं जनावर ते. जमीन आपल्या अंगावर धावून येते हे त्याने कुठे पाहिलं असणार?

मी भावाला सांगितलं. सरळच सांगितलं. "तुझो घोडो दर्याक भियता. मळ्यात पळव, हयसर पळवू नको."

"नवीन आसा, शिकतलो."

"शिकना नाय तो. मी रोज बघतंय."

"बाये, तू तिसऱ्यो उकर," तो हसून म्हणाला. "घोड्यातला माका कळता."

मग त्याने ते केलं जे आमच्याकडे सगळेच करतात. तो देवळात कौल लावायला गेला. आमच्या गावात घर बांधायचं, होडी पाण्यात सोडायची, मुलगी द्यायची, काहीही असो, आधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. उजवी पडली. भाऊ नारळ फोडून, कपाळाला अंगारा लावून घरी आला आणि त्या दिवसापासून कुणाचं काही ऐकेना. ऐकेल कसा? मी माणूस, तो देव.

मला झोप लागेना. मी देवाला मानते. आयुष्यभर मानत आले. देवाने हो म्हटल्यावर नाही म्हणणारी मी कोण, असं वाटून अंगावर काटा यायचा. सकाळी खाडीवर जायचे आणि घोडा पुन्हा तेच करायचा, कान मागे, डोळा पांढरा. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणू? दोन्ही बाजूंची भीती होती. देव कोपेल ही एक, आणि घोडा उधळेल ही दुसरी. कोणती मोठी ते ठरेना.

शर्यतीच्या दिवशी बायका सुरूखाली जमल्या. भावाच्या काळ्याच्या विरुद्ध पलीकडच्या वाडीतला एक तट्टू होता, गाढवाहून थोडा मोठा. तो समुद्राच्या काठावरच जन्मलेला, माशांच्या टोपल्या वाहिलेला. लाट अंगावर आली तर तो फक्त शेपूट हलवायचा. सगळ्या बायकांनी काळ्यावर नारळ लावले. माझ्याकडे बघू लागल्या.

माझा नियम होता, आपलं माणूस गाडीवर असेल तिथे लावायचं नाही. डोकं ठिकाणावर राहत नाही. पण मला एक सुचलं. भाऊ माझं बोलणं हसण्यावारी नेत होता. पण माझे नारळ कुठे पडतात ते गेली काही वर्षं सगळा किनारा बघत होता, तोसुद्धा. मी होते नव्हते ते सगळे नारळ तट्टूवर लावले. मोठ्याने सांगून लावले.

व्हायचं तेच झालं. कुणीतरी धावत जाऊन त्याला सांगितलं. तो तणतणत आला, लाल रुमाल बांधलेला, चाबूक हातात.

"बाये, सख्ख्या भावाविरुद्ध नारळ लावूक लाज नाय वाटली?"

"तुझ्याविरुद्ध नाय. घोड्याविरुद्ध."

"देवान उजवी दिल्यान हा, म्हायत आसा मा तुका?"

"देवाक काय इचारलंस?" मी विचारलं.  "घोडो धावतलो काय, इतक्याच मा? धावतलो. पण खंय धावतलो, ता इचारलंस?"

 शेजारणीने छातीवर क्रूस केला.  मला दिसलं, भावाने पाण्याकडे बघितलं. तेवढ्यापुरता तो माझ्या बाजूला आला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग मागून कुणीतरी हसत ओरडलं, "काय रे, बायलांका भियालंस?" आणि तो वळून गेला.

माझं काही चाललं नाही. आता करण्यासारखं एकच उरलं होतं. घोडा फेसाला भिऊन वर गर्दीत घुसणार हा माझा अंदाज होता, म्हणून मी भावजयीला आणि शेजारणीला ओढत काठीजवळ वाळूवर ठेवलेल्या होड्यांच्या मागे नेऊन उभं केलं. जवळच्या माणसांनाही सांगितलं. दोघे तिघे हलले, बाकीचे हसले.

गाड्या सुटल्या. जाताना तट्टू पाण्याच्या बाजूला होता आणि काळा वरच्या बाजूला, लाटेपासून लांब, त्यामुळे फेस त्याच्या पायांपर्यंत येतच नव्हता. तो असा पळाला की लोकांच्या तोंडून आवाज फुटेना. पार पुढे निघून गेला. घोडा आवरत नव्हता म्हणून भावाने लगाम मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला, ते मला होडीमागून दिसलं. भावजय टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, चुकले मी. देवा, मला चुकू दे. बाकीच्या शर्यतींत हरायची भीती असते. त्या दिवशी मला जिंकायची भीती होती.

काठीला वळसा घालताना काळा पाण्याच्या बाजूला आला. नेमकी तेव्हाच लाट फुटून त्याच्या पायांखालून गेली. तो दोन पायांवर उभा राहिला आणि मी म्हटलं होतं तसाच वर माणसांकडे फिरला. इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण तिथली माणसं घाबरून हात वर करून किंचाळली, कुणी छत्र्या उघडल्या, ढोलवाले तिथेच उभे होते ते वाजवायचे थांबले नाहीत. घोड्याने ते सगळं बघितलं आणि फिरला. ज्याला भीत होता त्यातच शिरला. हे मला सुचलं नव्हतं. मी फक्त घोड्याची भीती मोजली होती, माणसांची धरली नव्हती.

पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलं.

थोड्या अंतरावर रापणकार होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना धरून ओढायचं मोठं जाळं. ते शर्यत बघायला थांबले नव्हते, त्यांचं जाळं पाण्यात होतं. त्यांनी ते तसंच टाकलं. चार जण दोर घेऊन पाण्यात गेले. एकाच्या हातात कोयती होती. पाण्यात घोडा लाथा मारत होता आणि गाडीचा दांडा वरखाली होत होता, त्याच्या जवळ जाणं म्हणजे डोकं फोडून घेणं. कोयतीवाला बुडी मारून खालून गेला. तो वर येईना. मी देवाचं नाव घ्यायला गेले आणि कुठल्या तोंडाने घेऊ ते कळेना. मग गाडी एकदम हलकी झाल्यासारखी लाटेवर तरंगली, आणि दोन माणसांनी काहीतरी लाल ओढत बाहेर आणलं.

तेव्हा माझे पाय चालले. भाऊ वाळूत पालथा होता. ओठ जांभळे. डावा हात भलत्याच बाजूला वळलेला, मनगटाला कापलेल्या लगामाचा तुकडा तसाच. रापणकारांनी त्याची पाठ दाबली, तोंडातून पाणी आलं, पुन्हा दाबली, पुन्हा पाणी. तो श्वास घेतोय की नाही ते कुणालाच सांगता येईना. आंब्याच्या पेट्या नेणारा टेंपो रस्त्यावर उभा होता. पेट्या खाली फेकल्या आणि त्याला त्यात घातला. मी आणि भावजय त्याच्या दोन्ही बाजूंना. रस्ताभर मी त्याच्या नाकासमोर तळहात धरून होते. कधी गरम वाटायचं, कधी काहीच वाटायचं नाही, आणि टेंपोच्या वाऱ्यात मला कळेना की ते त्याचं आहे की वाऱ्याचं.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि आम्हाला बाकावर बसवलं.  भावजय म्हणाली, "वन्सं, तुमच्या तोंडान झाला ह्या सगळा."

मी उत्तर दिलं नाही. खोटं वाटलं म्हणून नाही. खरं असेल तर, या भीतीने. देवळात उजवी पडली होती, आणि मी सगळ्यांसमोर तिच्याविरुद्ध बोलले होते. बघून केलेला अंदाज आणि तोंडून निघालेला शाप यात फरक काय, हे त्या बाकावर बसून मला सांगता आलं नसतं. आता सांगते. मी बोलले नसते तरी लाट फुटलीच असती.

अंधार पडायला शेजारीण आली. चालत नाही, कुणाच्या तरी रिक्षाने. आल्या आल्या तिने भावजयीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "तुझो तट्टू जिकलो. नारळ तुझ्या पडवीत ठेवलंय."

"ठेव," मी म्हटलं.

"घेवचे आसत तुका ते?"

"मग काय करू? दर्यात टाकू?"

तिला ते आवडलं नाही. पण ती उठून गेली नाही. ती माळेचे मणी ओढत बसली आणि मी दाराकडे बघत बसले. दार उघडलं की मी अर्धी उठायचे. दरवेळी दुसरंच कुणीतरी बाहेर यायचं, परिचारिका, झाडूवाली, दुसऱ्याचा नातेवाईक. दारातून बाहेर येणाऱ्याचा चेहरा बघून काय झालं असेल त्याचा अंदाज करू नको, असं मी स्वतःला सांगत होते, आणि करत होते. बरेचसे चुकले.

मग डॉक्टर आला. तरुण पोरगा होता. त्याचा चेहरा बघून मी धरून चालले की संपलं. तो नुसताच दमलेला होता.

घोडा संध्याकाळी वाळूवरच मेला. कोयतीवाल्या रापणकाराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. भाऊ जगला.